पोटांत गेलेलें अन्न अंगीं कां लागत नाहीं ?

दुष्काळ-साहाय्याच्या निवेदनांत जमाखर्चाचे तक्ते असतात, देणगीदारांचीं नांवें असतात आणि शेवटीं मदतीची विनंती असते. या खेपेस त्यांच्या जोडीस आम्ही एक निराळा लेख देत आहों. याचें कारण असें कीं, ज्या धान्यासाठीं आपण सढळ हातानें पैसा दिलात, त्याचा कांहीं भाग लहान मुलांच्या मुखांत पडूनहि त्यांच्या शरीरास पोंचत नाहीं, असें आमच्या ध्यानांत आलें आहे. दात्याचा पैसा कोठें जातो हें सांगणें समितीचें कर्तव्य आहे. आणि तो जेथें वाया जातो तें ठिकाण मुलाच्या आंतड्यांत असेल, तर तेथपर्यंतचा हिशेब देणेंहि आम्हांस प्राप्त आहे.

प्रथम आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतों. २०१८ सालीं पावसानें दगा दिला व राज्य सरकारनें १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत बुलढाणा जिल्ह्यांतीलहि कित्येक तालुके होते. त्यानंतरच्या उन्हाळ्यांत नांदुरा तालुक्यांतील पूर्णेकांठच्या एका खेड्यांत, लहान मुलांस खिचडी व दूध देण्याचें समितीचें केंद्र चालू होतें. तेथें एक पावणेदोन वर्षांची मुलगी आईच्या कडेवर बसून नित्य येई. ठरलेला शिधा तिला बिनचूक मिळे. नोंदवहींत तशी रोजची खूण आहे. असें असतां दोन महिने झाले तरी वजनाचा कांटा जागचा हलेना. समितीच्या बैठकींत कोणी म्हणालें कीं, आई हा खाऊ घरीं नेऊन थोरल्या मुलांस देत असली पाहिजे. आमच्यापैकीं ज्यांचा धंदाच साक्षीदार उलटतपासण्याचा, त्यांस तर हा तर्क लगेच पटला. मुलीनें केंद्रावरच, सर्वांच्या देखत जेवावें असा नियम केला. आणखी तीन आठवडे गेले. मुलगी समोर बसून वाटी चाटूनपुसून खाई, आणि कांटा होता तेथेंच.

तेव्हां तिला डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं शिध्याविषयीं एक अक्षरहि न विचारतां पाण्याविषयीं विचारिलें : कोठून येतें, कशांत भरतां, कशानें काढतां. मग शौचाविषयीं विचारिलें. आई म्हणाली, “पातळच होते साहेब, पण हे तं साऱ्याच लेकरायले होते.” त्या एका वाक्यांत सर्व प्रकरण होतें. जो रोग साऱ्याच मुलांस असतो, तो कोणासच रोग वाटत नाहीं. आईची साक्ष पहिल्यापासून खरी होती. आमचा संशय खोटा होता. अन्न मुलीच्या पोटांत जात होतें, पण अंगीं लागत नव्हतें.

याचा उलगडा करून घेण्यासाठीं आम्हीं जें वाचलें व जाणत्यांस विचारलें, तें सामान्य वाचकास समजेल अशा रीतीनें पुढें मांडतों. आम्ही वैद्य नाहीं. तथापि पुरावा दोन्ही बाजूंनीं तोलून पाहण्याची संवय आम्हांस आहे, तेवढ्याच अधिकारावर हें लिहीत आहों.

१. अन्नाचा उंबरा

घास गिळला म्हणजे तो शरीराचा झाला, असें आपण सामान्यतः समजतों. वस्तुतः तोंडापासून गुदद्वारापर्यंत जी लांब नळी आहे, तिच्या पोकळींतलें अन्न अजून शरीराबाहेरच आहे असें म्हटलें तरी चालेल. अंगणांत आलेला पाहुणा घरांत आला असें होत नाहीं. उंबरा ओलांडील तेव्हां तो घरांत आला. अन्नाचा हा उंबरा म्हणजे लहान आंतड्याचें आंतलें अस्तर होय.

प्रौढ मनुष्याचें लहान आंतडें सुमारें सहा मीटर लांब असतें. त्याचें अस्तर गुळगुळीत नसून मखमलीसारखें असतें. त्यावर सुमारें एक मिलिमीटर उंचीचे असंख्य अंकुर असतात. त्यांस रसांकुर म्हणतात. रसांकुराच्या अंगावर पेशींचा एकच पातळ पदर असतो, व त्या प्रत्येक पेशीवर पुन्हां अतिसूक्ष्म केसाळ लव असते. अशा घड्यांवर घड्या पडल्यामुळें एवढ्याशा नळीचें आंतील क्षेत्र सुमारें ३० चौरस मीटर, म्हणजे एखाद्या मोठ्या दिवाणखान्याच्या जमिनीएवढें होतें. डाळीचें प्रथिन, तेलाचा स्निग्धांश, भाजीचें लोह हें सर्व याच पदरांतून रक्तांत व रसवाहिन्यांत शिरतें.

या अस्तराचा एक विशेष लक्षांत ठेवण्याजोगा आहे. त्याच्या पेशी तीन ते पांच दिवसांत गळून पडतात व तळाशीं तयार झालेल्या नव्या पेशी त्यांची जागा घेतात. म्हणजे हें घर सतत नव्यानें बांधलें जात असतें. यांत आशेची गोष्ट ही कीं, मोडलेलें अस्तर पुन्हां उभें राहूं शकतें. आणि धोक्याची ही कीं, या बांधकामास स्वतःस प्रथिनें व जस्त लागतें, आणि तेंच उपाशी मुलाजवळ नसतें.

२. उंबरा मोडला म्हणजे काय होतें

मळानें दूषित झालेलें पाणी, माती व अन्न यांतून जंतु रोज थोडेथोडे पोटांत जात राहिले, तर अस्तराशीं त्यांची झटापट अखंड चालते. प्रत्येक वेळीं जुलाब होतातच असें नाहीं. पण अस्तरास कायमची बारीक सूज येते. उंच रसांकुर आंखुडतात, बोथट होतात, एकमेकांस चिकटतात. या स्थितीस पर्यावरणजन्य आंत्रविकार असें म्हणतां येईल. तो वरून दिसत नाहीं. मूल हिंडतें, हंसतें, खातें. फक्त वाढत नाहीं.

त्याचे दुष्परिणाम चार प्रकारचे आहेत. पहिला, शोषणाचें क्षेत्रच कमी होतें. रसांकुरांच्या शेंड्यांवर दुधांतील साखर पचविणारें द्रव्य असतें; शेंडे झडले कीं तें द्रव्य कमी पडतें, आणि वरचें दूध पाजल्यावर पोट फुगून फेसाळ जुलाब होतात. दूध वाईट नसतें; तें घेणारा हात तुटलेला असतो. दुसरा, पेशींमधील सांधे सैल होऊन जंतु व त्यांचे तुकडे आंत झिरपतात. त्यांच्याशीं लढण्यांत शरीर आपला शिधा खर्च करतें. जो वाढीस लागावयाचा तो पहाऱ्यावर खर्ची पडतो. तिसरा, ही सूज चालू असतां यकृत एक असें द्रव्य सोडतें कीं, तें आंतड्यांतून लोह आंत येण्याची वाट अडवितें. म्हणून लोहाचें औषध देऊनहि कित्येक मुलांचा फिकेपणा हटत नाहीं. भूक मंदावते, आणि हाडांची वाढ करविणारा रसहि घटतो. चौथा, लहान आंतड्याच्या ज्या भागांत जंतु थोडे असावयाचे तेथें त्यांची दाटी होते, व ते मुलाच्या ताटांतला वांटा आधीं खातात. जुलाब होत असतील तर अंगांतील जस्तहि त्यांतून वाहून जातें.

शेतकरी वाचकांस एकच दृष्टांत पुरे. बांध फुटलेल्या शेतांत कितीहि पाणी सोडा, तें पिकाच्या मुळाशीं थांबत नाहीं. त्याला पाणी कमी मिळालें असें म्हणून पाट वाढविणारा माणूस मेहनती असेल, शहाणा नव्हे. प्रथम बांध घातला पाहिजे.

हा विकार सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या मुलांस विशेष भोंवतो. तोंवर आईच्या दुधाचें कवच असतें. नंतर वरचें अन्नपाणी सुरू होतें, आणि त्याच सुमारास मूल रांगूं लागतें. रांगणाऱ्या मुलास जग तोंडानें कळतें. झिंबाब्वेंतील खेड्यांत संशोधकांनीं अशा मुलांवर तासन्‌तास नजर ठेविली, तेव्हां तीं माती आणि कोंबड्यांची विष्ठाहि तोंडांत घालतांना आढळलीं. आपल्या अंगणांत गुरें, शेळ्या व कोंबड्या नाहींत असें कोण म्हणेल ?

३. पुरावा

हा विकार गरिबांच्या जातीचा, वंशाचा किंवा नशिबाचा आहे काय ? याचें उत्तर एका अभ्यासानें फार चांगलें दिलें. तो १९६६ सालीं प्रसिद्ध झाला. तेव्हांच्या पाकिस्तानांत सेवाकार्यासाठीं आलेल्या अमेरिकन तरुणांचीं आंतडीं डॉक्टरांनीं तपासलीं. हे तरुण धडधाकट व पोटभर जेवणारे. तरी कांहीं काळ तेथें राहिल्यावर त्यांच्यांतील पुष्कळांचे रसांकुर बोथट झालेले व शोषण मंदावलेलें आढळलें. मायदेशीं परतल्यावर तें हळूहळू पूर्ववत् झालें. म्हणजे दोष रक्ताचा नव्हता, परिसराचा होता. आणि परिसर बदलतांच गेलेलें परत आलें. आपल्या देशांत वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत सेल्विन बेकर व व्ही. आय. माथन यांनीं या विषयावर अनेक वर्षें काम केलें.

कुपोषण व रोगसंसर्ग हीं एकमेकांचे हात बळकट करतात, हा सिद्धान्त १९६८ सालीं नेव्हिन स्क्रिमशॉ, कार्ल टेलर व जॉन गॉर्डन यांनीं जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथांत सविस्तर मांडला. पुढें १९९१ सालीं आफ्रिकेंतील गांबिया देशांतील मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आंतडें किती झिरपतें हें मोजून व त्याच मुलांची वाढ मोजून पाहिल्यावर असें दिसलें कीं, वाढ खुंटण्याचा सुमारें ४३ टक्के भाग या झिरपण्याशीं निगडित होता. हीं मुलें उपाशी ठेविलेलीं नव्हतीं, हें ध्यानांत घ्यावें.

परंतु आम्हांस सर्वांत जवळचा दाखला वाटतो तो जामखेडचा. डॉ. रजनीकान्त आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें १९७० सालीं नगर जिल्ह्यांतील त्या अवर्षणग्रस्त तालुक्यांत काम सुरू केलें. आणि लवकरच १९७२ च्या दुष्काळानें त्यांस गांठलें. तेव्हां त्यांनीं मुलांसाठीं अन्नाची सोय केली, पण तेवढ्यावर न थांबतां शुद्ध पाण्यासाठीं खोल कूपनलिका पाडविल्या, आणि गांवांतल्याच, बहुधा निरक्षर अशा स्त्रियांस आरोग्यसेविका म्हणून तयार केलें. जुलाब झालेल्या मुलास पाणी कसें पाजावें, काय खाऊं घालावें, हें त्या शेजारणीच्या नात्यानें घरोघर सांगत. त्या गांवांत १९७१ सालीं हजार जन्मांमागें १७६ अर्भकें दगावत. १९७६ पर्यंत हें प्रमाण ५२ वर आलें. अन्न, पाणी आणि आईचें शिक्षण यांची त्रिवेणी जेथें झाली तेथें हें घडलें. एकट्या धान्यानें झालें नसतें.

त्याच जिल्ह्यांत, ज्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे, २००४ सालीं एक प्रयोग झाला. ६० गांवांपैकीं निम्मीं चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें निवडून त्यांत संडासमोहीम प्रथम राबविण्यांत आली. पुढें मोजणी केली तेव्हां मोहीम झालेल्या गांवांतील मुलें दुसऱ्या गांवांतील मुलांपेक्षां सरासरीनें सुमारें एक सेंटिमीटर उंच भरलीं. एक सेंटिमीटर ऐकावयास थोडें वाटेल. परंतु कोणासहि एक घास अधिक न देतां सबंध गांवांतील मुलें तेवढीं वाढलीं, हें विसरूं नये.

४. विरुद्ध पक्षाचें म्हणणें

आतां दुसरी बाजूहि मांडणें न्यायाचें आहे. २०१८ सालीं बांगलादेश, केनिया व झिंबाब्वे या तीन देशांतील फार मोठ्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेथें हजारों कुटुंबांस हात धुण्याची सोय, साधे संडास व पाण्यांत घालावयाचें औषध दिलें होतें. बांगलादेशांत मुलांचे जुलाब कमी झाले. दुसऱ्या दोन देशांत तेवढेंहि झालें नाहीं. आणि उंचीवर तर कोठेंच परिणाम दिसला नाहीं. पूरक आहार मिळालेल्या मुलांची वाढ मात्र थोडी सुधारली.

यावरून कोणी म्हणेल कीं, स्वच्छतेचा खटाटोप व्यर्थ आहे, धान्यच द्या. आम्हांस तसें वाटत नाहीं. आंतड्याचा विकार आहे, हें या प्रयोगांनीं खोटें ठरविलें नाहीं. अर्धामुर्धा उपाय त्यास पुरत नाहीं, एवढें दाखविलें. एका घरानें संडास बांधला व शेजारचीं दहा घरें उघड्यावर गेलीं, पाणी शुद्ध केलें पण अंगणांत शेणघाण तशीच राहिली, तर रांगणाऱ्या मुलास त्याचा लाभ कितीसा होणार ? यांतून दोन बोध निघतात. अन्न कमी करून चालणार नाहीं. तें पहिलें आहेच. आणि स्वच्छता करावयाची तर ती एका घराची नव्हे, सबंध वस्तीची केली पाहिजे.

५. दुष्काळ आणि आपला खारपाणपट्टा

दुष्काळांत माणसें उपासानें मरतात, अशी समजूत आहे. पण १८९९-१९०० च्या, म्हणजे ज्यास आपले आजे-पणजे छप्पन्नचा काळ म्हणत, त्या दुष्काळाच्या मृत्यूनोंदी पाहिल्या तर निराळें चित्र दिसतें. नांदुरा तेव्हां मलकापूर तालुक्यांत मोडत असे. वऱ्हाडांतील त्या दुष्काळाचा अभ्यास अरूप महारत्न यांनीं १९९६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत केला आहे. पटकी, हगवण, अतिसार आणि ताप हेच मृत्यूचे दूत होते. उपासानें दार उघडलें, आंत शिरले ते हे. १९७२ च्या दुष्काळांत मात्र कामें निघालीं. १९७३ च्या मे महिन्यांत राज्यांत सुमारें ५० लाख मजूर दुष्काळी कामांवर होते, आणि मिलो व सुकडी यांवर लोकांनीं दिवस काढले. त्या पिढीस भाकरीचा प्रश्न कसा सोडवावा हें कळलें. मुलाच्या आंतड्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

आमच्या भागांत त्यास एक खास कारण आहे. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या दोहों बाजूंस खारपाणपट्टा पसरला आहे. नांदुरा तालुक्याचा पूर्णेकडील भाग त्यांत येतो. येथें विहीर खणली तर पाणी लागतें, पण पिण्याजोगें लागत नाहीं. गोडें पाणी दुरून येतें. टंचाईंत तें टँकरनें येतें. जें पाणी उशिरानें येतें तें साठवावें लागतें, आणि जें साठवितात त्यांत हात बुडतात. शिवाय पाणी थोडें असलें म्हणजे घरांतली बाई प्रथम पिण्यास ठेवते, मग स्वयंपाकास. हात धुण्याची पाळी शेवटीं येते, आणि बहुधा येतच नाहीं. तिला दोष देणें अन्याय आहे. एक घागर पाण्यांत दहा माणसांचा दिवस काढणाऱ्या बाईस साबणाचें व्याख्यान देण्यापूर्वीं दुसरी घागर दिली पाहिजे.

आणि आमचें तरी काय ? वर सांगितलेल्या केंद्राची आम्हीं पुढें तपासणी केली, तेव्हां असें दिसलें कीं, मुलांचें दूध करण्यासाठीं भुकटी ज्या पाण्यांत कालवीत, तें उघड्या टाकींतलें होतें, आणि न उकळतां घेत. म्हणजे एका हातानें आम्ही पोषण देत होतों व दुसऱ्या हातानें रोग. हा प्रमाद समितीचा आहे व समितीनें तो मान्य केला आहे.

६. काय करावें

येथून पुढें समितीच्या प्रत्येक केंद्रावर पाळावयाचे व घरोघर सांगावयाचे नियम असे ठरविले आहेत :

पहिला. सहा महिन्यांपर्यंत मुलास केवळ आईचें दूध. वैशाखांतहि वरचें पाणी नको, कारण त्या दुधांत मुलास लागणारें पाणी असतें. म्हणून धान्याच्या वांटणींत अंगावर पाजणाऱ्या आईचा वांटा प्रथम. सहा महिन्यांनंतर वरचें अन्न, आणि दोन वर्षांपर्यंत वा त्यापुढेंहि आईचें दूध चालू.

दुसरा. पिण्याचें पाणी झांकणाच्या भांड्यांत ठेवावें व दांडीच्या ओगराळ्यानें काढावें. त्यांत हात किंवा पेला बुडवूं नये. टँकरच्या पाण्यांत क्लोरीनचें औषध पडलें आहे कीं नाहीं तें ग्रामपंचायतीकडून पाहून घ्यावें. लहान मुलांचें पाणी उकळून निववावें. अन्न ताजें द्यावें; सकाळीं शिजविलेली पेज संध्याकाळपर्यंत उन्हाळ्यांत तशीच ठेविली तर ती जंतूंची पेज होते.

तिसरा. शौचानंतर, मुलाचें ढुंगण धुतल्यावर, स्वयंपाकापूर्वीं व भरविण्यापूर्वीं साबणानें हात धुवावे. बाळाची शी निरुपद्रवी असते ही समजूत टाकावी; तीहि संडासांतच टाकावी. रांगणाऱ्या मुलासाठीं ओसरीचा एक कोपरा राखून तेथें धुतलेली चटई घालावी, व कोंबड्या-शेळ्यांस तिकडे येऊं देऊं नये.

चौथा. जुलाब सुरू होतांच जलसंजीवनी द्यावी. १९७१ सालीं बांगलादेशांतून आलेल्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ-साखरेचें हेंच पाणी हजारों पटकीच्या रोग्यांस पाजून त्यांचे प्राण वांचविले. शिरेंतून द्यावयाच्या सलाइनच्या बाटल्या तेव्हां संपल्या होत्या. पुडी मिळाल्यास ती तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यांत पुरतीच घोळावी. पुडी नसल्यास एक लिटर पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावें. आमच्या पट्ट्यांतील बायांनीं एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवावी : हें पाणी खाऱ्या विहिरीचें कदापि घेऊं नये. त्यांत आधींच क्षार असतात. वर मीठ पडलें कीं औषधाचें अपायांत रूपान्तर होतें.

पांचवा. जुलाबांत मुलास उपाशी ठेवूं नये. आपल्या घरोघरीं पोटास विसांवा देण्याची चाल आहे. ती मोठ्यांस कदाचित् सोसेल, लहानांस सोसत नाहीं. आंतड्याचें अस्तर नव्यानें बांधावयाचें तर त्यास सामान हवें. अंगावरचें दूध, मऊ मुगाची खिचडी, वरण, पिकलें केळें, ताजें दही हें थोडें थोडें वरचेवर द्यावें, आणि बरें वाटल्यावर कांहीं दिवस रोज एक जेवण अधिक द्यावें. वरच्या दुधानें फेसाळ जुलाब वाढत असतील तर तें कांहीं दिवस बंद करून दही-ताक द्यावें.

सहावा. जस्ताच्या गोळ्या. सहा महिन्यांवरील मुलास रोज २० मिलिग्रॅम व त्याखालील मुलास १० मिलिग्रॅम, याप्रमाणें दहा ते चौदा दिवस द्याव्या, असा जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचा २००४ पासूनचा सल्ला आहे. जुलाब तीन दिवसांत थांबले तरी गोळ्या पुऱ्या कराव्या. त्या जुलाब थांबविण्यापुरत्या नसून अस्तर बांधण्यासाठीं आहेत. या गोळ्या व पुड्या आशा सेविकेकडे किंवा आरोग्य उपकेंद्रांत विनामूल्य मिळण्याची सरकारी तरतूद आहे. न मिळाल्यास समितीस कळवावें. जुलाब दाबणारीं औषधें व मनानें आणलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्या देऊं नयेत. शौचांत रक्त दिसल्यास, मूल पीत नसल्यास, डोळे खोल गेल्यास किंवा सुस्ती आल्यास घरगुती उपचारांत वेळ न दवडतां दवाखाना गांठावा. रोटाव्हायरसची लस व वर्षांतून दोनदां जंताची गोळी चुकवूं नये.

सातवा नियम अन्नाविषयीं आहे. २०२१ सालीं डाक्का येथें केलेल्या एका अभ्यासाचें फळ प्रसिद्ध झालें. आंतड्यांत जसे वैरी जंतु असतात तसे पोषक जंतूहि असतात, व कुपोषित मुलांत त्यांची वस्ती वयाच्या मानानें अपुरी राहते. त्या वस्तीस मानवेल असें अन्न शोधतां शोधतां संशोधक ज्या मिश्रणावर आले, त्यांत हरभरा, भुईमूग, सोयाबीन व कच्चें केळें हीं होतीं. तें तीन महिने खाल्लेल्या मुलांचें वजन, नेहमींचा तयार पूरक आहार घेतलेल्या मुलांपेक्षां अधिक वेगानें वाढलें. आणि तेंहि त्यांत उष्मांक कमी असतां. हा अभ्यास लहान होता व तें मिश्रण विशिष्ट रीतीनें बनविलें होतें, म्हणून त्यावरून फार मोठें विधान करूं नये. तथापि त्यांतील एकहि पदार्थ आपणांस परका नाहीं. हरभरा व सोयाबीन आपल्याच शेतांत, केळी शेजारच्या जळगांव जिल्ह्यांत. परदेशी डब्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

७. विनंती

ती मुलगी कशी आहे, असें वाचक विचारतील. उकळलेलें पाणी, चौदा दिवसांच्या गोळ्या, तेल घातलेली मऊ खिचडी आणि दुधाऐवजीं दही यांवर ती राहिली. पहिले तीन आठवडे कांटा हलला नाहीं. चौथ्या आठवड्यांत तो पावशेरानें हलला. केंद्रावरील बाईंनीं ती नोंद तांबड्या शाईनें केली आहे. मुलगी जगली व वाढते आहे. परंतु पहिल्या दोन वर्षांत जी उंची हुकली ती पुष्कळ अंशीं हुकलीच, असें डॉक्टर म्हणतात. म्हणून हें काम दुष्काळ संपल्यावर करावयाचें नसून दुष्काळ लागतांच करावयाचें आहे. समितीच्या वतीनें आम्ही तिच्या आईकडे जाऊन, आम्हीं तिच्यावर घेतलेल्या संशयाबद्दल क्षमा मागितली. ती म्हणाली, “माह्या पोरीचं वजन वाढलं ना, बस झालं.” तिनें आम्हांस सोडलें, आम्ही स्वतःस इतक्या लवकर सोडूं इच्छीत नाहीं.

म्हणून या वर्षींची आमची विनंती जरा निराळी आहे. धान्य, डाळ व तेल यांसाठीं आपण देतच आहांत, तें चालू ठेवावें. त्याबरोबर झांकणाचीं व तोटीचीं पाण्याचीं भांडीं, साबण, क्लोरीनचें औषध, दुधाचें व पिण्याचें पाणी उकळण्यासाठीं इंधन, आणि केंद्रावर मुलांसाठीं राखून ठेवावयाचें गोडें पाणी, यांसाठीं निराळा निधि द्यावा. ज्यांस पैसा देणें शक्य नाहीं त्यांनीं आपली एक सकाळ द्यावी व वस्तींतील टाकी धुण्यास आमच्याबरोबर यावें.

हें काम हलकें आहे असें कोणास वाटूं नये. याच वऱ्हाडांत, अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेल्या गाडगेबाबांनीं १९५६ सालीं देह ठेवीपर्यंत, गांवांत पाऊल टाकल्याबरोबर प्रथम खराटा हातीं घेतला आणि रस्ते झाडून झाल्यावर मग कीर्तनास उभे राहिले. अन्नदान व स्वच्छता हीं दोन पुण्यें नव्हत, एकच पुण्य आहे, हें त्यांनीं शास्त्र न वाचतां जाणलें होतें. आपण तें शास्त्र वाचूनहि विसरलों, तर भरलेल्या ताटापाशीं मुलें खुरटत राहतील, आणि आपण वहींत शिध्याची खूण करीत राहूं.

आपल्या घांसाचा हिशेब मुलाच्या तोंडाशीं न संपवितां त्याच्या अंगाशीं संपवावा, एवढीच प्रार्थना.